दुकानाचा चेहरा

“नवऱ्याच्या खिशात हात घालू नये, आणि घातलाच तर जे हाताला लागेल ते गिळायची तयारी ठेवावी.”

लग्नाच्या आदल्या दिवशी आईनं हे बजावलं होतं. तेवीस वर्षं तिनं ते पाळलं. त्या गुरुवारी मात्र धुवायला टाकलेल्या शर्टाचा खिसा तिनं मुद्दाम उलटा केला. चार घड्या घातलेला कागद निघाला. अक्षर नवऱ्याचंच.

‘ती एकटी आहे. नवरा जाऊन दोन वर्षं झाली. रडून झालंय तिचं. आता कुणाला भीत नाही. डोळ्याला डोळा भिडवून बोलते. हसते तेव्हा दुकान उजळतं. लोक तिच्यासाठी येतात.’

खाली दोन रेघा मारून लिहिलेलं: ‘तिच्यासाठी जे करायचं ते आत्ताच. घरी बोलायचं नाही.’

ती बादलीशेजारी तशीच बसून राहिली.

पाणी कुठंतरी मुरतंय हे तिला तीन महिने कळत होतं. दर गुरुवारी दुपारचं जेवण झालं की नवरा बाहेर पडायचा. यायचा तो दमून, आणि हातांना साबणाचा वास. घरातला साबण नव्हे. ताटात निम्मं टाकायचा. जुने शर्ट बाजूला ठेवून दोन मापांनी लहान असे नवे आणले होते. नणंद तर परवाच म्हणाली होती, “वहिनी, पुरुषानं पन्नाशीत पोट कमी केलं की बायकोनं डोळे उघडे ठेवावेत. दादा माझा असला म्हणून काय झालं?”

विचारलं की उत्तर ठरलेलं. “ब्रँडवालीकडे जातो गं. दुकानाला नाव हवं, ओळख हवी.”

“तीस वर्षं ओळखीवाचून चाललंय ना?”

“तेच तर. आपला ब्रश वीस वर्षं टिकतो, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा वीस वर्षांनी येतं. तोवर आपण काय खायचं, लाकूड?”

ब्रश ती करायची. आतल्या खोलीत बसून भोकं पाडलेल्या लाकडात तारेनं केस ओवायचे, कात्रीनं सारखे करायचे. पुढं गल्ल्यावर नवरा. गिऱ्हाईक दिसलं की ती आत, हा घरचा नियमच झाला होता. अलीकडे मात्र तो तिला बळंच पुढं बसवायचा.

“बस जरा. सवय होऊ दे.”

“कशाची?”

“माणसांची. वाघ आहेत का ती?”

म्हणजे मी दुकानात अडकले की हे मोकळे, असं ती मनातल्या मनात म्हणायची, पण ताकास तूर लागू द्यायची नाही.

आता मात्र तिनं हात पुसले, कागद मुठीत धरला आणि साडेचारला त्या ब्रँडवालीचा पत्ता शोधत निघाली. बघू तरी, खरोखर जातात का तिथं.

झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. भिंतभर रंगीत चिठ्ठ्या. केसांत पेन्सिल खोवलेली एक पंचविशीतली मुलगी टेबलाशी बसली होती. ही विधवा नव्हे, एवढं तर बघताक्षणी कळलं.

“मी ब्रशवाल्यांची...”

“काकू? या ना. काका येतीलच पाचला. त्यांचं आधी दुसरीकडे एक काम असतं गुरुवारी.”

तिच्या मनात पाल चुकचुकली. दुसरीकडे.

टेबलावर तिच्याच हातचा कपड्यांचा ब्रश होता, नव्याकोऱ्या खोक्यात. खोक्यावर नक्षी होती, दुकानाचं नाव होतं आणि मधोमध एक रिकामी चौकट.

“इथं काय येणार?”

“चेहरा. लहान दुकानाचा माल जाहिरातीनं खपत नाही काकू, माणसामुळे खपतो. खोक्यावर माणूस दिसला पाहिजे.”

आपण ओवलेल्या ब्रशवर त्या बाईचं तोंड. तिनं कागद उलगडून टेबलावर ठेवला.

“ही असेल ना?”

मुलगी चपापली. “हा तुमच्याकडे कसा?”

“कोण आहे ते सांगा. एवढंच विचारायला आलेय.”

“सांगते. पण आधी शब्द द्या. तुम्हाला हे कळलंय असं काकांना दिसता कामा नये. मी त्यांना कबूल केलंय.”

“दिला,” ती म्हणाली. असल्या शब्दाला काय लागतं?

मुलीनं कागद तिच्याकडे सरकवला. “हा गृहपाठ आहे. माझ्याकडे येणाऱ्या सगळ्यांना मी तो देते. तीन वर्षांनी तुमच्या दुकानात गिऱ्हाइकासमोर कोण उभं असेल, ते आज घडतंय असं समजून लिहा. सगळे पुरुष स्वतःलाच लिहितात, आणि वर केस काळे करून. काकांनी तेवढं तुम्हाला लिहिलंय.”

“मला?” तिला हसूच आलं. तीन महिन्यांचं ओझं एकदम उतरलं. “अहो, मी गिऱ्हाईक दिसलं की आत पळते. आणि ही बाई तर...” ती थांबली. “हिचा नवरा गेलाय ना?”

“तेच मी म्हटलं त्यांना. म्हटलं, काका, असलं अभद्र कशाला लिहिता, ती ओळ खोडा.”

“मग?”

“खोडली नाही. म्हणाले, खरं तेच लिहायचं असं तुम्हीच सांगितलंत ना?”

खाली जिन्यात पावलं वाजली. चार पायऱ्या, मग थांबणं. पुन्हा चार पायऱ्या, पुन्हा थांबणं. हातांचा तो साबणाचा वास दवाखान्यातला होता.

तिनं कागदाची घडी घालून मुलीच्या हातात दिली, दोन्ही तळव्यांनी चेहरा एकदा पुसला, आणि हसत जिन्याकडे निघाली.