चोचीचा रंग

चातुर्मासात दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं. त्या सकाळीही पुतण्याच्या घरी, त्याच्या लेकीच्या खोलीत मी मुक्यानेच भिंतीवर पोपट रंगवत होते. दोन वर्षांची रेवा मागच्या स्टुलावर कधी चढली, कळलंच नाही. वळून पाहिलं तेव्हा हाक अगदी ओठांशी आली होती. मी ती गिळली आणि जोरात टाळी वाजवली. पोर दचकलं आणि पडलं.

कपाळाला तीन टाके पडले.

“काकू, नुसतं ‘रेवा’ म्हणायचं होतं हो,” सूनबाई म्हणाली. “तुमचा आवाज ओळखते ती.”

“जाऊ दे गं, काकूचा नेम आहे,” पुतण्याने माझी बाजू घेतली. तेच जास्त लागलं.

आठवडाभर पोपट चोचीवाचून राहिला. आज पूजा आटोपून मी पुन्हा ब्रश हातात घेतला. रेवा दारात येऊन थबकली. मला पाहून तिने ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच टाळी वाजवली. आजीशी असंच बोलायचं असतं, असं तिला वाटलं असावं.

घड्याळात नऊ वाजले होते.

“रेवा,” मी म्हणाले, “इकडे ये बाळा. चोचीला कुठला रंग देऊ या, सांग.”