पाटलाच्या बैठकीतले खिसे

फौजदारानं भिंतीवरच्या मधल्या खिशात हात घातला अन् कोकिळेच्या हातातली कपबशी खणखणली.

"हे काय नवीन, पाटील?"

"पोरीचा उद्योग, साहेब," उकंडराव पाटील म्हणाले.

उद्योग खरा! आजवर पोलीस पाटलाची सगळी कचेरी घरच्या बैठकीत गादीवर लोळायची. टाक एकीकडे, दऊत दुसरीकडे, शिक्का तर कायम लोडाखाली. काल दुपारी कोकिळेनं सुई घेतली अन् दिवेलागणीच्या आत पसारा भिंतीवर चढवला. मागे बारदान, त्यावर खिशांच्या तीन ओळी. वर हिरवी, मधे पांढरी, खाली केशरी. जागोजाग मायच्या जुन्या लुगड्याचे काठ अन् निळीलाल ठिगळं. पाहणाऱ्याला वाटावं, गोधडीच उभी केली.

अन् फौजदार ज्या झेंड्यासाठी चिखलीहून घोडं पिटाळत आला होता, तो झेंडा हाच होता.

काल सकाळी हा तिरंगा शाळेवर चढला. शालिग्राम गुरुजींना धरायला शिपाई फाटकात शिरले, तेव्हा गुरुजींनी तो भराभर उतरवला अन् सातवीतल्या कोकिळेच्या दप्तरात कोंबला. "जपजो, पोरी," एवढंच म्हणाले. तेव्हापासून शिपाई गाव उलथंपालथं करत होते. कणग्या, माळे, चुलीमागची लाकडं, काही सोडलं नाही. ज्याच्या घरी सापडेल तो तुरुंगात. झडती होणार नाही असं गावात एकच घर होतं, पोलीस पाटलाचं. बाप इंग्रज सरकारचा माणूस, म्हणून कोकिळेची शाळेत मान खाली जायची. काल पहिल्यांदा तिला त्या गोष्टीचा उपयोग सापडला अन् ती मनातल्या मनात उड्या मारत घरी आली.

झेंड्याला कात्री लावायचं मात्र तिच्या जिवावर आलं. तिनं अख्खा झेंडाच चुण्या घालून बारदानावर बसवला, चरखा आतल्या अंगाला, अन् सगळीकडे नुसता धावदोरा. दिवस पालटले की धागा ओढायचा, झेंडा जसाच्या तसा मोकळा!

तोच धागा आता फौजदाराच्या अंगठीत अडकला होता.

त्यानं हात मागे घेतला. सर्रर्र! पांढरा खिसा एका बाजूनं उसवला, कड उलटी वळली, अन् आतून निळं, वाटोळं काहीतरी डोकावलं. चरख्याचं चाक.

कोकिळेनं ते पाहिलं. फौजदार अजून मान खाली घालून अंगठीतला धागा सोडवत होता. त्यानं मान वर केली की झालं. बाबांची पाटीलकी गेली, बाबा तुरुंगात गेले, गुरुजींचा शब्दही गेला.

तेवढ्यात उकंडराव ताडकन उठले.

"काय व कोकिळे! बैठक हाय का बोहारणीचं गाठोडं? साहेब घरी आले अन् तू चिंध्या टांगून राह्यली?" खांद्यावरचं उपरणं ओढून त्यांनी खिशांवर फेकलं. वरच्या खिळ्याला अडकून ते सगळ्या ओळींवर पसरलं. "धड शिवता येत नाही, अन् चालली कचेरी सजवाले!"

"राहू द्या हो पाटील," फौजदार हसला. "लेकरू आहे." त्यानं तिच्या हातची कपबशी घेऊन चहा संपवला, घोड्यावर टांग टाकली अन् शिपायांना हाका मारत निघून गेला.

कोकिळा तिथंच उभी. वाचलो, हे तिला कळत होतं. पण चिंध्या? ज्यासाठी गुरुजी तुरुंगात गेले, त्याला बाबा चिंध्या म्हणाले! तिचे डोळे भरून आले.

उकंडरावांनी दाराला कडी घातली. उपरणं काढलं. उसवलेली कड दोन बोटांनी अलगद आत सारली, निजलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करावं तशी. मग गादीवरची सुई उचलून लेकीपुढे धरली.

"टाका कच्चा ठेवला, बरं केलं," ते हळूच म्हणाले. "पण उलटा टांगला व तू. केशरी वर पाह्यजे."