पावरीची बाजू

"ढोल काय स्वच्छ निघालाय बघ," विश्वेश खूश होऊन म्हणाला. "आणि ती पिपाणी आपोआप गेली. पीडा टळली."

स्नेहलच्या डोक्यात तिडीक गेली. पिपाणी नव्हती ती, आदिवासी नाचात फुंकून वाजवतात ती भोपळ्याची पावरी होती. आणि ती वाजवणारे तिचे आजोबा, बहिरू, डोळे तपासायला सुरगाण्याहून नाशिकला आलेले, विश्वेशच्याच सोफ्याच्या कडेला बसले होते.

स्नेहल आणि विश्वेश मिळून एका गेमसाठी नवं गाणं बनवत होते. पडद्यावर बाण येतात, तालावर बटण दाबायचं. बरोबर दाबलं की गाणाऱ्याचा आवाज चालू राहतो. चुकलं की तो गप्प, मागे नुसती वाद्यं. त्यासाठी एआयकडून आवाज आणि वाद्यं वेगळी करून घ्यावी लागतात. स्नेहलने गावच्या नाचाचं रेकॉर्डिंग दिलं. नाचणाऱ्यांचा गलका तेवढा काढायचा होता. एआयने पावरीलाही माणसाचा गळा समजून गलक्यात ढकललं.

"ढोलावर मी रॅप टाकतो," विश्वेश म्हणाला. "नको ते काय, एआयलासुद्धा कळतं."

"बरोबर कळलं त्याला," बहिरू शांतपणे म्हणाले. "पावरी बोलतेच. ती सांगंल तसे पाय बदलायचे. ढोलावर कोणी बी नाचंल. पावरीला चुकला, तो रांगेच्या भाईर."

विश्वेश हसला. स्नेहल हसली नाही. तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला.

"तुझ्या रॅपसाठी दुसरं गाणं शोध. हे पावरीसकट जाईल, नाहीतर जाणारच नाही."

जमेल तेवढा गलका तिने कापला, उरला तो राहू दिला. पावरी गाणाऱ्याच्या जागी बसवली, तिच्या वळणावळणावर बाण मांडले आणि लॅपटॉप विश्वेशपुढे सरकवला. "खेळ."

कॉलेजात या खेळात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. पहिल्याच वळणाला तो चुकला. पावरी गप्प. पुन्हा सुरू केलं, पुन्हा चुकला. ढोल एकटाच वाजत राहिला, त्याला हवा होता तसा.

"तुझे बाणच चुकलेत."

"बाण बरोबर आहेत," स्नेहल म्हणाली.

बहिरूंनी टीपॉय भिंतीकडे सारलं आणि ते मधोमध उभे राहिले. स्नेहलने त्यांचा एक हात धरला. दुसरा त्यांनी विश्वेशपुढे केला.

"ऊठ. बोटांनी नाय येत हे."