आढळल्यास कळवावे

“मागच्या वेळी सात वर्षांची होती. आज नऊची झाली?” चष्मेवालीने विचारलं.

दारातला माणूस अडखळला. हातातलं पत्रक त्याने छातीशी धरलं. पत्रकावर दोन वेण्या घातलेली, पुढचा दात पडलेली एक मुलगी हसत होती. फ्रॉकला झालरीची कॉलर, हल्ली कुणी शिवत नाही तशी. वर मोठ्या अक्षरांत ‘हरवली आहे’ आणि खाली फोन नंबर.

“ताई, पोरगी गेल्यापासून डोकं ठिकाणावर नाही. गावोगाव शोधतोय. गाडीभाड्यापुरतं काही मिळालं तर...”

“डोकं ठिकाणावर आहे, पाठांतर कच्चं आहे. चला, पुढे व्हा.”

तो निमूट पुढे झाला. जाताना एक पत्रक मात्र काउंटरवर ठेवून गेला.

या गल्लीत सोंगांना तोटा नव्हता. एकाचं प्लास्टर कधी डाव्या पायावर असे, कधी उजव्या. एका बाईंचं पाकीट दर सोमवारी चोरीला जाई. औषधवाला, बेकरीवाला, चष्मेवाली, सगळ्यांनी एकेकदा फसून कानाला खडा लावला होता. सुधारले नव्हते ते फक्त समोरचे फोटोवाले काका. हा पत्रकवाला सगळीकडून हात हलवत निघे आणि शेवटी काकांच्या स्टुडिओत शिरे. तिथे त्याला बसायला खुर्ची मिळे, चहा मिळे आणि पत्रकांचा नवा गठ्ठा फुकट छापून मिळे. वर काका त्याला खोदून खोदून विचारत, कुठे कुठे गेलास, कुणाला दाखवलंस, कोण काय म्हणालं. प्रत्येक दुकानात एक पत्रक ठेवायचं, ही अटही त्यांचीच होती.

चष्मेवालीला काचेतून हे सगळं दिसे आणि तिचा जीव तुटे. तिच्या वडिलांना अशाच एका गोडबोल्याने बुडवलं होतं. पैशाचं जाऊ दे. पण त्यानंतर वडील घरात कुणाच्या नजरेला नजर देईनासे झाले आणि तसेच गेले. काकांचं तसं होऊ द्यायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं.

दुपारी ती रस्ता ओलांडून गेली. काका काउंटरवरच डबा खात होते. जेवायला म्हणून त्यांनी दुकान कधी बंद केलं नव्हतं. गल्लीतली जुनी दुकानं केव्हाच हात बदलून गेली होती, काका तेवढे उरले होते. पुतण्या त्याच्या शहरात राहायला बोलवत होता, तिकडेही जाईनात. डब्याशेजारी जुना काळा फोन होता. त्याची घंटा चष्मेवालीने तरी कधी ऐकली नव्हती. तिला काही हवं असलं की ती सरळ हाक मारी.

“या डॉक्टरीणबाई,” काका म्हणाले. डोळे तपासते म्हणून त्यांनीच तिला हे नाव चिकटवलं होतं.

“काका, तो माणूस तुम्हाला गंडवतोय.”

“असेल.”

“असेल काय? पोरीचं वय त्याला सांगता येत नाही. उद्या नाव बदलेल.”

“बदललंय की, दोनदा.” काका हसले. “पत्रकावर मी एकच छापतो.”

“आम्ही सगळ्यांनी ठरवलंय. पुढच्या वेळी आला की पोलिसांच्या ताब्यात द्यायचा.”

काकांचा घास हातातच राहिला.

“नका हो,” ते म्हणाले. “फिरू द्या त्याला. तुम्ही काही देऊ नका, पण फिरू द्या. मी हात जोडतो.”

चष्मेवालीला आपले वडील आठवले. तेही शेवटपर्यंत त्या ठगाची बाजू घेत होते. ती तशीच परत आली.

संध्याकाळी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तिने काकांकडून घेतलेली फ्रेम उघडली. वडिलांचा फोटो लावायचा कधीचा राहिला होता. काच काढली आणि तिचा हात थांबला. फ्रेममध्ये नमुन्याला घातलेल्या फोटोतली मुलगी तिच्याकडे बघून हसत होती. दोन वेण्या, पडलेला दात, झालरीची कॉलर.

तिने पत्रक शेजारी धरलं. तीच.

म्हणजे मुलगी हरवलेलीच नव्हती. कुणीतरी फेकून दिलेला नमुन्याचा फोटो उचलून या भामट्याने त्यावर दुकान मांडलं होतं. तिला चीड आली आणि जरा हायसंही वाटलं. कुठली मुलगी नाही, कुठला बाप नाही. काकांची मात्र कमाल होती. आपल्याच फ्रेममधला नमुना त्यांना ओळखू येऊ नये! चष्म्याचा नंबर वाढला असणार. उद्या बळेच खुर्चीत बसवून डोळे तपासायचे.

फ्रेम घेऊन ती दारापर्यंत गेली आणि थांबली. काका पुन्हा ‘असेल’ म्हणतील. काहीतरी ठोस हवं. पत्रकावरच्या नंबरवर फोन करायचा. भामट्याने उचलला तर त्याला फैलावर घ्यायचं, लागलाच नाही तर काकांना तेच ऐकवायचं.

दारातच उभं राहून तिने नंबर लावला. कानात घंटा वाजायला लागली.

समोर काका एका गिऱ्हाइकाची हनुवटी सरळ करत होते. एकदम ते त्याला तसंच सोडून वळले. गुडघे धरून चालणारा तो माणूस पळत सुटला. वाटेतला दिव्याचा स्टँड आडवा झाला, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही.

तिच्या कानातली घंटा थांबली. कुणीतरी धापा टाकत होतं.

“हॅलो? कुठे दिसली? फोन ठेवू नका, मी आत्ता निघतो... मी तिचा बाबा बोलतोय.”