हिरवा धागा

त्या पांढऱ्या कोटात मेन्सिमा मॅडमचा शिलाईच्या पैशांपेक्षा मोठा फायदा होता. पोमा फोनवरच्या प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी सांगणार होती, ‘कोट शिवलाय टाकोराडीच्या मेन्सिमा मॅडमनी.’ पोमा बाजारात केसांचे टोप विकायची. तिच्या कोटाच्या छातीवर ‘डॉक्टर’ हा शब्द मॅडमने स्वतः हिरव्या धाग्याने भरून दिला होता. छानच भरला होता.

आज दुकानातली शिकाऊ अराबा फोन पुढे धरून उभी होती. फोनमध्ये पोमा हसत सांगत होती, रात्री नवऱ्याजवळ झोपा की मित्राजवळ, सकाळी मीठ घालून गरम लिंबूपाणी प्यायचं, दिवस राहत नाहीत, गोळीबिळीची गरज नाही.

“पाळी चुकून किती झाले?” मॅडमने विचारलं.

“दोन महिने.”

“अगं गाढवे, फोनवर कुणीही कोट चढवून बोलतं!”

“तेवढं कळतं मला. तसले चार डॉक्टर बघून सोडून दिले. खालच्या कॉमेंटवर पण गेले नाही, त्या विकत मिळतात.” अराबाचा आवाज चढला. “पण हिने तुमचं नाव घेतलं. म्हटलं, आमच्या मॅडम ओळखतात हिला. मॅडम खोट्या बाईच्या छातीवर डॉक्टर भरणार नाहीत.”

मॅडमने तडक पोमाला फोन लावला आणि तोंडाला येईल ते सुनावलं. पोमाने सगळं ऐकून घेतलं.

“मावशी, धागा हिरवा की निळा, एवढंच विचारलंत तुम्ही. सर्टिफिकेट विचारलं होतंत का?”

मॅडमने फोन आपटला. अराबाचं शिकणं संपायला सात आठवडे उरले होते. भिंतीवर मॅडमच्याच अक्षरात पाटी होती: पोट दिसलं, शिकणं बंद. मॅडमने पाटीकडे पाहिलं. मग दारात थांबलेल्या दोन नव्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं. त्यांना पोमासारखाच कोट हवा होता. पाटी जागची हलली नाही.

दुपारी अराबाची आई हातगाडी घेऊन आली. लेकीला शिकायला धाडताना घेऊन दिलेलं शिलाई मशीन तिने गाडीवर चढवलं, दोरीने आवळलं, आणि इतके दिवस शिकवल्याबद्दल मॅडमचे आभार मानले. अराबा गाडीमागून चालू लागली.

खिळ्याला पोमाचा दुसरा कोट टांगलेला होता. त्याच्या छातीवर अराबाने सकाळीच भरायला घेतलेली अर्धीच अक्षरं होती.

उरलेली मॅडमने भरली.