खाली बसायला शिकवा

“मला उठायचं शिकवू नका. खाली बसायचं शिकवा.”

सुतारकाका हे इतक्या मोठ्यानं म्हणाले, की ज्येष्ठ नागरिक केंद्राच्या हॉलमधला कॅरमचा डाव थांबला. ताई गाद्या उलगडत होत्या, त्यांनी मान वर केली. त्या फिजिओथेरपिस्ट. तोल कसा सांभाळायचा, पडू नये म्हणून काय करायचं आणि पडलोच तर उठायचं कसं, हे शिकवायला त्या नुकत्याच केंद्रात येऊ लागल्या होत्या. ‘या वयात पडायचे क्लास!’ म्हणून कॅरमवाले अजून हसत होते.

“काका, खाली बसायचं म्हटलं की इथे सगळे पळ काढतात. तुम्हालाच का एवढी हौस?”

“हौस कसली. बायको खाली आहे.”

मग ते खुर्ची ओढून ताईंजवळ बसले आणि हळू आवाजात सांगू लागले. काकू न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड जुळलंही. धीर मात्र जुळला नाही. काकांनी स्वतःच्या हातानं केलेला सागवानी पलंग होता, त्यावर झोपायला त्या तयार होईनात. जमिनीवर गादी घालून घेतली आणि तिथेच राहिल्या. कोणी काही म्हटलं, की एकच उत्तर. “जमिनीवरून माणूस पडत नाही.” शेजारच्या गल्लीत राहणारी त्यांची मुलगी येऊन त्यांना धरून उठवी, चार पावलं चालवून आणी. ती गेली, की काकू पुन्हा गादीवर.

“आणि तुम्ही?”

“मी खुर्चीत. गुडघ्यांनी दगा दिलाय. ती खाली, मी वर. बोलायचं तर ओरडून. हात धरायचा म्हटला तर पोचत नाही. डॉक्टर म्हणतात, आता तिची तिला उठता येईल. तिला नाही वाटत. मी किती समजावलं! पण खुर्चीत बसून समजावलं, की तिला ते रागावल्यासारखं वाटतं.”

ताईंनी गादीशेजारी एक जड खुर्ची ठेवली. “शिकवते. पण एक अट. जो खाली जाईल, त्यानं वर यायचंही शिकायचं.”

“ते कशाला?”

“नाहीतर तुमच्या मुलीला दोघांना उचलावं लागेल.”

काका शिकले. रोज कुरकुर करत शिकले. खुर्चीला धरायचं, एक पाय मागे, गुडघा उशीवर, मग हात जमिनीला, मग हळूच कुशीवर. वर येताना हेच उलटं. सुरुवातीला ते मध्येच अडकत आणि गाद्यांना शिव्या देत. मग कॅरमवाल्यांपैकी एकेक जण ‘आम्हीपण बघतो बुवा’ म्हणत रांगेत येऊ लागला. एका सकाळी काका खुर्चीला नुसतं बोट लावून उठले. हॉलमध्ये टाळ्या पडल्या.

“आता घरी चला,” ते ताईंना म्हणाले. “पहिल्या वेळी कोणीतरी सोबत असलेलं बरं.”

घरी काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. काकांनी खुर्ची गादीजवळ आणली, एक पाय मागे घेतला आणि काकू “अहो, अहो, काय करताय!” म्हणेपर्यंत ते त्यांच्या शेजारी बसलेही होते. काकू बघतच राहिल्या. मग त्यांनी नवऱ्याच्या गालावरून हात फिरवला.

“किती म्हातारे झालात हो! खालून कळलंच नाही.”

“तुला खालून नुसती हनुवटी दिसत असेल.”

दोघं हसले. बराच वेळ हातात हात घेऊन बसले. ताई खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत राहिल्या.

“चला, उठतो,” शेवटी काका म्हणाले. त्यांनी खुर्ची धरली, जोर लावल्यासारखं केलं आणि पुन्हा बसले. आणखी एकदा केलं. “नाही जमत गं.”

ताई पुढे झाल्या. काकांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. ताई जागीच थांबल्या.

“अगं ताई, बघतेस काय? धर की त्यांना!” काकू ओरडल्या.

“मला एकटीला नाही उचलवणार, काकू. अजून एक हात लागेल.”

काकूंनी दाराकडे पाहिलं. मुलगी यायला वेळ होता. काका मान खाली घालून बसले होते. काकू पुटपुटल्या, “या माणसाचं काय करावं!” आणि कुशीवर वळल्या. ताई त्यांच्या पाठीमागे जाऊन हळूहळू सांगत गेल्या. हात टेका, आता गुडघे, आता खुर्ची, एक पाय पुढे. काकूंचे दंड थरथरत होते. कपाळावर घाम आला. ताईंचे दोन्ही हात त्यांच्या कमरेजवळ तयार होते, पण लावावे लागले नाहीत.

काकू उभ्या राहिल्या. श्वास घेतला, एका हातानं खुर्ची घट्ट धरली आणि दुसरा हात नवऱ्यापुढे केला.

“या.”

काका उठले. दोघं एकमेकांना धरून पलंगाच्या कडेला टेकले. काका नुसतेच चादरीवरच्या सुरकुत्या सारख्या करत राहिले.

ताई निघाल्या, तेव्हा काकू भिंतीला धरत दारापर्यंत पोचवायला आल्या. मागे वळून काकांना ऐकू जात नाही ना, ते पाहिलं आणि ताईंच्या कानाशी लागल्या.

“त्यांना उठता येत होतं गं. मला कळत का नाही?”

“मग तुम्ही का उठलात?”

“इतक्या वर्षांत पहिल्यांदा खोटं बोलले माझ्याशी. ते वाया कसं जाऊ द्यायचं?”