अर्ध्या खाडीतून

"मुलगी घरीच असेल ना?" मोटारहोडी धक्क्यावरून सुटताच नवऱ्यामुलाच्या आईने विचारलं.

"घरी कशाला? तीच तुम्हाला घेऊन चाललीय," असं म्हणून मी सुकाणूपाशी उभ्या लेकीकडे हात केला. तिचा बाप गेल्यापासून होडी तीच चालवते. आमची चूल तिच्यावरच पेटते.

बाईंनी नाक मुरडलं. "लग्नानंतर हे असलं सोडावं लागेल हो. आमच्यात शोभत नाही."

दिराने मला कोपराने ढोसलं. दोन स्थळं आधीच मोडलेली, हे तिसरं. पण माझी जीभ कधी कुणाच्या बापाला भ्यालीय?

"बाय, होडी फिरव. यांना शोभेल तिथेच सोडून येऊ."

भर खाडीत, ओहोटीच्या ओढीत पोरीने होडी अशी वळवली, की बाईंच्या साडीवर थेंबसुद्धा उडाला नाही.

धक्क्यावर दोर बांधला, पाहुणे उतरले. नवरामुलगा मात्र बसूनच राहिला.

"तू उतर की! कुठे निघालास?" आई ओरडली.

"पलीकडे, मुलीच्या घरी. मला शोभतंय," तो म्हणाला.

मी तोंड उघडायच्या आत लेक बोलली. माझीच ना ती!

"मग बसलात काय? दोर सोडा."